चाळीस उलट्या चादरी

इस्पितळाच्या तळघरात धुलाईघर होतं. त्या धुलाईघराच्या एका कोपऱ्यात अर्ध्या खिडकीखाली एक टेबल होतं, एक शिवणयंत्र होतं आणि ती होती. खिडकीतून रस्त्यावरच्या माणसांची फक्त पावलं दिसायची. तिला तिथे कोणी नावाने हाक मारत नसे. तिच्या खांद्यावर लाल दोऱ्याचा तुकडा कायम लोंबत असायचा, म्हणून मुकादमाने कधीतरी तिला 'लालदोरा' म्हणायला सुरुवात केली आणि तेच नाव चिकटलं. फाटलेल्या चादरी सांधायच्या, अभ्र्यांची बटणं लावायची आणि नव्या कापडाच्या कोपऱ्यात लाल दोऱ्याने वॉर्डाचं नाव घालायचं, हे तिचं चोवीस वर्षांचं काम. एवढ्या वर्षांत तिच्या टाक्याला कोणी नाव ठेवलं नाही. एकदाच ठेवायची वेळ आली होती, पण ते पुढे येईलच.

घरी नवरा होता. तो रात्रपाळीचा पहारेकरी. घरात असायचा तेव्हा झोपलेला असायचा, त्यामुळे या गोष्टीतही तो बहुतेक झोपलेलाच आहे. लेक मात्र जागी होती, जरा जास्तच जागी. अठरा वर्षांची पोर, पण परीक्षेत एक गुण कमी पडला तर त्या गुणाचं सुतक पाळायची. शाळेत पहिली, तालुक्यात दुसरी. दुसरी आली त्या दिवशी आईने शेजाऱ्यांना गोड वाटलं आणि पोरगी उशीत तोंड खुपसून रडली. आईला हसावं की रडावं कळेना.

लालदोरा स्वतः शाळेची पायरी चढली नव्हती. पण वाचायची मात्र खाडखाड. लेकीला पहिलं पुस्तक हातात मिळालं तेव्हा शेजारी बसून आईनेच ते तिच्याकडून वाचून घेतलं होतं. लेकीच्या दृष्टीने आई म्हणजे वाचता येणारी बाई. ती तशी कधी झाली, कशी झाली, हे पोरीने विचारलं नाही आणि आईने सांगितलं नाही. सांगायला तोंड होतं कुठे?

ती कामाला लागली तेव्हा बावीस वर्षांची होती. "लिहिता वाचता येतं का?" असं मुकादमाने विचारलं आणि तिने बेधडक "हो" म्हणून टाकलं. पोटासाठी माणूस याहून मोठं खोटं बोलतं. भिंतीवर एक पुठ्ठा टांगलेला होता. त्यावर सगळ्या वॉर्डांची नावं मोठ्या अक्षरात लिहिलेली, शेजारी त्या त्या वॉर्डाच्या रंगाची पट्टी. निळी पट्टी म्हणजे पुरुषांचा, पिवळी म्हणजे लहान मुलांचा. ती पट्टी बघायची आणि शेजारचं अक्षर जसंच्या तसं कापडावर उतरवायची. तिच्या लेखी ती अक्षरं नव्हतीच, नक्षी होती. वेलबुट्टी काढावी तशी ती वॉर्डांची नावं काढायची, आणि इतकी सुबक काढायची की मुकादम नव्या बायकांना तिचं काम दाखवायचा. नऊ वर्षं असं निभावलं.

मग एका वर्षी भिंतीला रंग दिला. रंगाऱ्याने पुठ्ठा काढला आणि काम झाल्यावर परत टांगला, तो उलटा. वाचता येणाऱ्या कोणालाही हसू आलं असतं आणि त्याने तो सुलटा केला असता. पण पुठ्ठ्याकडे बघायची गरज तिला एकटीलाच होती. तिला वाटलं, नवा पुठ्ठा आला, नवी नक्षी आली. मुलांच्या वॉर्डासाठी चाळीस नव्या चादरी आल्या होत्या. चाळीसच्या चाळीस चादरींवर तिने ते नाव डोकं खाली पाय वर असं शिवलं. आठ दिवस खपून. एकही टाका चुकला नाही, हेच तर वाईट.

दहाव्या दिवशी मोठ्या सिस्टर खाली उतरल्या. सगळ्या वॉर्डांच्या परिचारिका त्यांच्या हाताखाली, आणि त्या जिन्यावरून यायला लागल्या की डॉक्टरसुद्धा बाजूला सरकायचे. त्यांच्या हातावर एक चादर होती. त्यांनी चादरीचा कोपरा बघितला, भिंतीकडे बघितलं, पुठ्ठा खिळ्यावरून काढून सुलटा टांगला. मग तिच्याकडे बघितलं. तिच्या हातातली सुई बोटात रुतली तरी तिला कळलं नाही. धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं तिला झालं.

सिस्टरांनी चाळीसही चादरी वर मागवल्या आणि स्वतःच्या खोलीतल्या मोठ्या कपाटात तळाला ठेवून कुलूप लावलं. मुकादमाने विचारलं तेव्हा "माझ्याकडे आहेत" एवढंच म्हणाल्या, आणि मोठ्या सिस्टरांना पुढचा प्रश्न विचारायची मुकादमाची छाती नव्हती. तिला मात्र त्यांनी निरोप पाठवला: उद्यापासून एक वाजता, जेवणाच्या सुट्टीत, कपाटाच्या खोलीत.

अकरा महिने ती एक वाजता त्या खोलीत जात होती. पहिला शब्द वाचला तो कापसाच्या खोक्यावरचा. "बोट ठेव," सिस्टर म्हणायच्या. "बोट ठेवून वाच. बोट पुढे गेल्याशिवाय जीभ पुढे जायची नाही." आणि शब्द गाळला की त्या टेबलावर टिचकी मारायच्या. "गाळलेला शब्द म्हणजे राहिलेला टाका. तिथूनच उसवतं. तुला मी सांगायला हवं का?" रोजचा धडा झाला की कपाटातून एक चादर निघायची. तिने ती उसवायची आणि सुलटी शिवायची. चाळीस दिवसांत चाळीस चादरी गुपचूप मुलांच्या वॉर्डात गेल्या. कोणाला पत्ता लागला नाही. एकतीस वर्षांची बाई होती ती तेव्हा, घरी तीन वर्षांची पोर. नवऱ्यालासुद्धा तिने सांगितलं नाही. शिकल्याचा आनंद सांगायचा तर आधी न येण्याची लाज सांगावी लागत होती.

पुढे मोठ्या सिस्टर निवृत्त झाल्या. त्यांना मागेपुढे कोणी नव्हतं. इस्पितळाच्या मागच्या अंगाला निवृत्त परिचारिकांसाठी चार खोल्या होत्या, त्यातल्या एकीत त्या राहू लागल्या. तीन वर्षांपूर्वी त्यांची नजर गेली. त्या दिवसापासून लालदोरा रोज एक वाजता त्यांच्याकडे जायची आणि त्यांना पेपर वाचून दाखवायची, पहिल्या पानावरच्या तारखेपासून शेवटच्या पानावरच्या हवामानापर्यंत. मधल्या हरवल्या-सापडल्याच्या जाहिरातीसुद्धा सोडायच्या नाहीत, असा सिस्टरांचा दंडक. डबा ती चालता चालता खायची. घरी हे माहीत नव्हतं. लेकीला वाटायचं, आई एक वाजता जेवते.

तर अशात ती शिष्यवृत्ती आली. विद्यापीठाची, चार वर्षांची फी, राहणं, पुस्तकं सगळं देणारी. मात्र एक अट होती. नुसते गुण चालणार नाहीत, मुलाने निदान दोन वर्षं लोकांसाठी काही काम केलेलं असलं पाहिजे, आणि त्याचा पुरावा पाहिजे. कोरडी हुशारी नको, असं माहितीपत्रकात म्हटलं होतं, अर्थात जरा बऱ्या भाषेत. ती मिळाली नाही तर लेकीचं विद्यापीठ संपलं, हे घरात तिघांनाही ठाऊक होतं, झोपलेल्यालासुद्धा.

लेकीने लोकांसाठी काही केलंच नव्हतं असं नाही. दोन वर्षांपूर्वी तिने धुलाईघरातल्या बायकांसाठी रविवारचा अक्षरवर्ग काढला होता. तो तीन रविवार चालला. पहिल्या रविवारी सात जणी आल्या, दुसऱ्या रविवारी चार, तिसऱ्या रविवारी एकटी इस्त्रीवाली, तीही चष्मा विसरून. मग लेकीची परीक्षा आली आणि वर्ग मिटला. अर्जात मात्र तो वर्ग दोन वर्षं चालू राहिला आणि बारा जणी साक्षर झाल्या.

"बारा कोण गं?" आईने अर्ज वाचून विचारलं.

"आई, सगळेच थोडं वाढवून लिहितात."

"थोडं म्हणजे तीनाचे शंभर रविवार?"

लेकीने पेन खाली ठेवलं. तिचे डोळे भरून आले, आणि ती रडायला लागली की आईचं डोकं चालेनासं व्हायचं. "मी काय करू? सकाळी घर आवरते, संध्याकाळी शिकवण्या करते. ज्यांच्या घरी कामाला बाई असते त्यांना सेवा करायला वेळ असतो. मी वर्ग काढला होता ना? काढला होता की नाही?"

यात अगदीच तथ्य नव्हतं असं नाही.

मग लेकीने हळूच विचारलं, "आई, तू शाळेत गेलीच नाहीस ना?"

"नाही."

"मग वाचायला कशी शिकलीस?"

पंधरा वर्षांत पहिल्यांदा हा प्रश्न घरात आला होता. एवढंच म्हणायचं होतं, की एक बाई होत्या. पण त्या बाईंमागोमाग पुठ्ठा आला असता, चाळीस चादरी आल्या असत्या, नऊ वर्षांचं ढोंग आलं असतं. लेकीसमोर बसलेल्या वाचणाऱ्या बाईला ते जमलं नाही.

"शिकले अशीच. पाट्या बघून बघून."

"म्हणजे कोणीच शिकवलं नाही," लेक म्हणाली. "मग मी शिकवलं असं लिहिलं तर कोणाचं काय जातं?"

कोणाचं काय जातं, हे आईला त्या क्षणी पक्कं माहीत होतं. तरी ती म्हणाली, "लिही."

पुढे फोटो काढला. पाच बायका जमल्या, सहावी ती. सगळ्यांच्या हातात पुस्तकं दिली. इस्त्रीवालीने पुस्तक छातीशी धरलं आणि दबक्या आवाजात तिला विचारलं, "अगं लालदोरा, सुलटं धरलंय ना मी? नाहीतर फोटोत हसं व्हायचं."

लालदोऱ्याने ते पुस्तक तिच्या हातातून घेऊन सुलटं केलं. ते उलटंच होतं. फोटोत बाकीच्या पाच जणी हसताहेत. एकटी तिची मान खाली आहे, आणि ती अगदी नवशिकी दिसते.

पहिल्या यादीत लेकीचं नाव आलं. आता समितीची माणसं काम बघायला येणार होती. बारा जणींमधली एक तरी वाचून दाखवायला हवी, आणि धुलाईघरात वाचता येणारी ती एकटीच. आदल्या संध्याकाळी लेकीने तिची तयारी करून घेतली.

"इतकं सरळ नको वाचूस आई. दोन वर्षांत शिकलेलं वाटलं पाहिजे. इथे थांब. हा जोडशब्द फोडून वाच. जरा अडखळ."

ती अडखळली. पहिल्यांदा जमेना, जीभ आपोआप पुढे पळायची. मग जमलं. वाचायला शिकायला अकरा महिने लागले होते. न येण्याचं सोंग एका संध्याकाळी आलं. नवरा कामावर निघता निघता दारात थांबला. "हे काय चाललंय?" म्हणाला. "अभ्यास," लेक म्हणाली. तो निघून गेला, पण जाताना त्याने एकदा मागे वळून बायकोकडे बघितलं, आणि तिने नजर चुकवली.

समितीतर्फे एक बाई आल्या आणि एक उंच गृहस्थ. गृहस्थ आठ मिनिटं होते आणि त्यातली सहा मिनिटं कपडे पिळायच्या यंत्राकडे बघत होते. बाई मात्र चांगल्या होत्या. त्या खडूस असत्या तर तिला सोपं गेलं असतं. त्यांनी स्टूल ओढून घेतलं, तिच्या टेबलापाशी बसल्या आणि माहितीपत्रक पुढे केलं. "जमेल तेवढंच वाचा हं. घाई नाही."

तिने वाचलं. ठरलेल्या जागी थांबली, जोडशब्द फोडला, एक शब्द चुकीचा वाचून दुरुस्त केला. बोट मात्र ठेवलं नाही. सोंगात तेवढं एक तिने येऊ दिलं नाही. बाईंचे डोळे ओले झाले. त्यांनी तिचा हात हातात घेतला. सुयांनी चाळण झालेल्या त्या बोटांकडे त्या बघत राहिल्या.

"कोणी शिकवलं तुम्हाला?"

"लेकीने."

"त्याआधी कोणीच नाही?"

"कोणी नाही."

"आणि आता वाचता येतं तर काय वाचता? कोणाला वाचून दाखवता का?"

भिंतीवरच्या घड्याळात एक वाजून दहा मिनिटं झाली होती. मागच्या खोलीत मोठ्या सिस्टर खुर्ची दाराकडे वळवून बसल्या असणार, पेपर मांडीवर घेऊन.

"नाही हो," ती म्हणाली. "कोणाला दाखवणार? पाट्याबिट्या वाचते."

इस्त्रीवाली तोंडाला पदर लावून वळली. तिला लालदोरा रोज एक वाजता कुठे जाते ते ठाऊक होतं. ती काही बोलली नाही. तिचं ते न बोलणं लालदोऱ्याला मुस्कटात बसावं तसं बसलं.

ती धावत मागच्या खोल्यांकडे गेली तेव्हा पावणेदोन झाले होते.

"आज उशीर झाला," सिस्टर म्हणाल्या.

"काम होतं."

"बरं. तारखेपासून वाच."

शिष्यवृत्ती मिळाली. लेकीने आईला उचलून गोल फिरवलं आणि नवऱ्याची झोपमोड झाली. तोही हसला. त्या रात्री घरात तिघेही एकदमच जेवले. घास तिच्या घशाखाली उतरत होता, नाही असं नाही. पोरीचं कल्याण झालं होतं. सुईने काटा काढला, आता सुई टोचते म्हणून रडायचं कशाला, अशी तिने स्वतःची समजूत घातली. लाज ही चार दिवसांची असते, पाचव्या दिवशी माणसाला कामं असतात, असंही स्वतःला सांगून बघितलं.

पाचव्या दिवशी ती एक वाजता सिस्टरांकडे गेली. पेपर उघडला. तारीख वाचली, पहिलं पान वाचलं, दुसरं वाचलं. तिसरं पान उघडलं आणि डावीकडच्या कोपऱ्यातून तिचाच चेहरा तिच्याकडे बघत होता, म्हणजे बघत नव्हता, मान खाली घालून होता. सहा बायका, सहा पुस्तकं. वर ठळक मथळा. आपलं छापून येईल हे तिला कोणी सांगितलंच नव्हतं. घरी पेपर येत नसे.

तिने उजवीकडची पाण्याच्या नळांची बातमी वाचली. रस्त्याची वाचली. शाळेच्या स्पर्धेची वाचली. आणि पान उलटलं.

"लवकर उलटलंस," सिस्टर म्हणाल्या.

"झालं ते पान."

"तिसऱ्या पानाला एवढाच वेळ? काय होतं?"

"जाहिरात होती."

"मग वाच की. जाहिराती कधीपासून सोडायला लागलो आपण?"

सिस्टरांनी टेबलावर टिचकी मारली. तीच टिचकी, कपाटाच्या खोलीतली. तिने पान परत फिरवलं.

"धु... धुलाईघरात..." तिने सुरुवात केली आणि पुढचा शब्द तिला लागेना. खरोखरच लागेना. अक्षरं एकमेकांत मिसळत होती. सोंग घेतलं होतं ते अंगाशी आलं होतं. ज्या बाईने तिला शिकवलं तिच्यासमोर ती आता खरीच अडखळत होती.

"बोट ठेव," सिस्टर म्हणाल्या.

तिने बोट ठेवलं. आणि मग एकेक शब्द निघाला. धुलाईघरात अक्षरांची पहाट. विद्यापीठाच्या सेवा-शिष्यवृत्तीची मानकरी. तिच्या स्वतःच्या आईला दोन वर्षांपूर्वीपर्यंत स्वतःचं नावही वाचता येत नव्हतं. लेकीनेच तिला अक्षरओळख करून दिली. त्याआधी मला कोणीही शिकवलं नाही, असं त्या माउलीने डोळ्यांत पाणी आणून सांगितलं. डोळ्यांत पाणी तर त्या बाईंच्या होतं, पण पेपरवाल्याला काय त्याचं?

वाचून झालं. खाली कोणीतरी बादली ओढत नेत होतं.

"सिस्टर, पोरीचं आयुष्य..." ती बोलायला लागली.

"पोरीचं नको सांगूस. पोर अठराची आहे, तू सेहेचाळीसची आहेस."

"तुम्ही मला बोला. शिव्या द्या. पण बोला काहीतरी."

सिस्टरांचा हात मांडीवर पेपर चाचपत होता, पण पेपर तिच्याकडे होता. मग त्या म्हणाल्या, "त्या चाळीस चादरी मी कपाटात ठेवल्या कारण ती चूक होती. चूक झाकावी माणसाची, उसवून परत शिवता येते. ही चूक नाही. हे माझ्या कपाटात मावायचं नाही."

ती रडली. सिस्टरांनी तिला रडू दिलं आणि समजूत घातली नाही. निघताना फक्त एवढंच म्हणाल्या, "उद्या पोरीला घेऊन ये. हवामान राहिलं, ते वाचून जा."

तिने हवामान वाचलं, उभ्या उभ्या, रडत. एकही शब्द गाळला नाही.

घरी आल्यावर तिने हातपाय धुतले, लेकीला समोर बसवलं. लेक नव्या पुस्तकांची यादी करत होती. नवरा उठून बूट शोधत होता. "तूही बस," ती त्याला म्हणाली. तो बसला. एका पायात बूट, एका पायात नाही.

"मला सांगायचं होतं," ती म्हणाली. "पंधरा वर्षं सांगायचं होतं. मी कामाला लागले तेव्हा मला वाचता येत नव्हतं. येतं म्हणून सांगितलं होतं. एक पुठ्ठा होता भिंतीवर."

तिने सगळं सांगितलं. पुठ्ठा, चादरी, कुलूप, कापसाचं खोकं. सांगताना ती लेकीकडे बघत नव्हती, स्वतःच्या बोटांकडे बघत होती. एक वाजताचं सांगितलं तेव्हा लेकीने मधेच विचारलं, "रोज?"

"रोज. तीन वर्षं झाली."

"आणि तू त्या बाईंना सांगितलंस, कोणाला वाचून दाखवत नाही म्हणून?"

"हो."

लेकीने पुस्तकांची यादी बाजूला सारली. ती हुशार पोर, तिला एक आणि एक दोन सांगावे लागत नव्हते. सेवेचे तास म्हणून जो रकाना तिने तीन रविवार ताणून ताणून भरला होता, ते खरे तास तिच्याच घरात, डबा चालता चालता खाऊन, रोज जमा होत होते. आणि नेमकं तेच तिने आईला सगळ्यांसमोर नाकारायला लावलं होतं. "मला का नाही सांगितलंस?" ती ओरडली, आणि लगेच तिला स्वतःचाच प्रश्न आठवला. तिने विचारलं होतं, कोणाचं काय जातं. उत्तर नको असलं की माणूस असंच विचारतं.

नवरा एवढंच म्हणाला, "मला वाटायचं तू कमी जेवतेस." मग त्याने दुसरा बूट घातला आणि कामावर गेला.

दुसऱ्या दिवशी एक वाजता मायलेकी मागच्या खोल्यांकडे गेल्या. सिस्टर खुर्चीत ताठ बसल्या होत्या. लेक दारातच थबकली. आई म्हणाली, "सिस्टर, पोर आलीय."

"ये. तू तुझ्या आईला वाचायला शिकवलंस म्हणे?"

"नाही," लेक म्हणाली. "मी नाही शिकवलं. तुम्ही शिकवलंत."

"मग हे मला कशाला सांगतेस?" सिस्टर म्हणाल्या. "मला ते माहीत आहे."

लेक खाली मान घालून उभी राहिली. आईला वाटलं मधे पडावं, म्हणावं, सिस्टर, एवढ्यावर भागवा, पोरीचं सगळं जाईल. ओठांपर्यंत आलंही होतं. पण लेकीनेच विचारलं, "कागद आहे का?"

लालदोऱ्याने खिशातून धुलाईच्या पावत्यांची वही काढली आणि मागचं कोरं पान फाडून दिलं. लेकीने ते खिडकीच्या कठड्यावर ठेवून लिहिलं. खाडाखोड न करता लिहिणारी पोर, तिने त्या दिवशी चार ओळी खोडल्या. लिहून झाल्यावर तिने कागद सिस्टरांपुढे धरला, मग लक्षात येऊन मागे घेतला.

"मी वाचून दाखवते," ती म्हणाली.

"तू नको. आईला दे."

आईने कागद घेतला आणि बोट ठेवलं. समितीच्या नावाने पत्र होतं. मी अर्जात लिहिलेला वर्ग तीन रविवार चालला. बारा जणी साक्षर झाल्या नाहीत, एकही झाली नाही. ही शिष्यवृत्ती माझी नाही, मी ती परत करते. इथेही बोट पुढे गेलं. माझ्या आईला वाचायला मी शिकवलं नाही. पुढे मोठ्या सिस्टरांचं पूर्ण नाव होतं. ते नाव तिने त्यांच्या ॲप्रनांवर शेकड्यांनी शिवलं होतं, पण तोंडाने कधी घेतलं नव्हतं. तिने ते घेतलं. सिस्टरांनी डोकं किंचित हलवलं.

त्याच्या पुढच्या ओळीवर तिचं बोट थांबलं. चाळीस चादरी, असे शब्द होते तिथे. पोरीने तेही लिहिलं होतं, कसं झालं, कसं उघडकीला आलं, सगळं. हे पत्र समितीत जाणार होतं, चार माणसं वाचणार होती, त्यांतल्या त्या बाईही.

"आई, ते खोडू का?" लेकीने हळूच विचारलं.

सिस्टरांचं बोट टेबलावर उचललेलं होतं. टिचकी मारली नाही त्यांनी. नुसतं उचलून धरलं होतं.

"नको," लालदोरा म्हणाली, आणि तिने ती ओळ वाचली.